दुसऱ्या गिअरमध्ये अडकणारी जुनी ई-क्लास : गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे

मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू २१० पिढीतील ई-क्लासची एक तक्रार ठरलेल्या शब्दांत ऐकू येते. चालता चालता गाडी अचानक वरचा गिअर टाकेनाशी होते, इंजिन ३००० फेऱ्यांवर ओरडत राहते आणि वेग ताशी ५०-५५ किलोमीटरच्या पुढे जात नाही. इंजिन बंद करून पुन्हा चालू केले की दोष कधी सुटतो, कधी सुटत नाही. मात्र गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पाचही गिअर बिनतक्रार पडतात आणि आदल्या दिवशी काही झालेच नव्हते असे मालकाला वाटते. काही दिवसांनी तेच पुन्हा घडते. शेवटी गाडी गॅरेजला जाते आणि तिथे चेंबरही (गिअरबॉक्सखालचे तेलाचे भांडे) न उघडता ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल मिळतो. गाडीच्या आजच्या बाजारभावाशी तुलना केली तर ओव्हरहॉलचा खर्च इतका मोठा असतो की अनेक मालक तो आकडा ऐकूनच गाडी पडेल त्या किमतीला काढून टाकतात. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या लक्षणाच्या मुळाशी पुष्कळदा प्लास्टिकचा एक सॉकेट, रबराच्या दोन ओ-रिंगा किंवा व्हॉल्व्ह बॉडीवरची (तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या भागावरची) सेन्सर असलेली पट्टी एवढेच असते. आतले क्लच आणि गिअर शाबूत असतात.

पुण्यात जोडणी होऊन आपल्याकडच्या रस्त्यांवर आलेल्या या गाड्या आता पंचवीस वर्षांच्या आसपासच्या झाल्या आहेत. त्यामुळे त्यांना हात लावणारे अनुभवी कारागीर कमी होत चालले आहेत आणि अंदाजाने भाग बदलण्याचे प्रमाण वाढले आहे. म्हणून तपासणीचा क्रम इथे सविस्तर मांडत आहे.

आपला गिअरबॉक्स कोणता आहे, हे आधी पाहावे

इथे लिहिलेले सर्व ७२२.६ या पाच गिअरच्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या ट्रान्समिशनविषयी आहे. मर्सिडीजने तो १९९६ मध्ये वापरात आणला. त्याआधीच्या, डब्ल्यू १२४ मधील आणि अगदी सुरुवातीच्या काही डब्ल्यू २१० मधील हायड्रॉलिक नियंत्रणाच्या गिअरबॉक्सला यातील बराचसा भाग लागू होत नाही. गिअरबॉक्सच्या कवचावर, चेंबरच्या कडेजवळ कोरलेला क्रमांक ७२२.६ ने सुरू होत असेल तर शंका उरत नाही. हाच गिअरबॉक्स पुढे डब्ल्यू २११ च्या चार सिलिंडरच्या गाड्यांत, डब्ल्यू २२० एस-क्लासमध्ये, क्रायस्लर ३०० सी मध्ये आणि चाकणला जोडणी झालेल्या सँगयाँग रेक्स्टनच्या ऑटोमॅटिक आवृत्तीतही आला. त्यामुळे पुढची माहिती त्या गाड्यांच्या मालकांनाही उपयोगी पडेल, जरी कंट्रोल युनिटची (गिअरबॉक्स चालवणाऱ्या संगणकाची) जागा आणि वायरिंग गाडीगणिक बदलते.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. गिअर लिव्हरजवळच्या ‘एस’ आणि ‘डब्ल्यू’ या बटणापैकी ‘डब्ल्यू’ निवडलेले असेल तर गाडी दुसऱ्या गिअरमध्येच निघते आणि तिचा रिव्हर्सही लांब पल्ल्याचा होतो. हा दोष नव्हे. ओल्या किंवा निसरड्या रस्त्यासाठी केलेली ती सोय आहे. निघताना गाडी जड वाटते पण पुढे तिसरा, चौथा नीट पडतो, अशी तक्रार असेल तर प्रथम हे बटण पाहावे.

गाडी दुसऱ्यातच का अडकते

या गिअरबॉक्समधील सहा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपा, व्हॉल्व्ह बॉडीतील तेलाचा दाब आणि वाट ठरवतात. त्यांचा वीजपुरवठा पूर्ण तोडला तर उरलेला निव्वळ हायड्रॉलिक मार्ग दुसरा गिअर आणि रिव्हर्स एवढेच देऊ शकतो. कंट्रोल युनिटला एखाद्या सेन्सरच्या आकड्यावर विश्वास ठेवता आला नाही, किंवा निवडलेला गिअर आणि प्रत्यक्ष फेऱ्या यांचे गणित जुळले नाही, की ते स्वतःहून हा मार्ग पत्करते. यालाच आपण लिंप मोड म्हणतो. म्हणजे गाडी दुसऱ्यात अडकली याचा अर्थ, मेंदूने हात काढून घेतला, इतकाच होतो. हात का काढून घेतला हे अजून शोधायचे असते. उलट, दुसरा आणि रिव्हर्स हे दोन्ही ठामपणे, न घसरता मिळत असतील तर पंप, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि निदान त्या गिअरांत वापरले जाणारे क्लच ठीक आहेत, असा चांगला पुरावाच आपल्या हाती येतो.

रस्त्यात अशी वेळ आली तर गाडी बाजूला घ्यावी, लिव्हर ‘पी’ मध्ये टाकावा, इंजिन बंद करून निदान दहा सेकंद थांबावे आणि मग पुन्हा चालू करावे. दोष तात्पुरता असेल तर सर्व गिअर परत मिळतात. नाही मिळाले तर दुसऱ्या गिअरवर सावकाश जवळच्या ठिकाणापर्यंत जाता येते. मात्र खंडाळ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरवर इंजिन ताणत राहू नये, कारण तेल तापते आणि मूळचा छोटा दोष मोठा होतो.

स्कॅनर योग्य हवा

बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनच्या कंट्रोल युनिटशी बोलतो. त्यावर पी ०७०० हा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या युनिटकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. तक्रार कोणती, ते त्यात नसते. या एका कोडवर गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय घेणे म्हणजे पत्र न उघडता उत्तर लिहिण्यासारखे आहे. मर्सिडीजच्या ट्रान्समिशन युनिटमध्ये थेट शिरू शकणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच गाडी न्यावी, आणि त्याने कोड पुसण्याआधी ते लिहून घ्यावेत. पुसून टाकलेला कोड पुन्हा येईपर्यंत वाट पाहणे म्हणजे पुन्हा रस्त्यात अडकणे होय.

या युनिटमधील नोंदी ढोबळमानाने तीन गटांत येतात. पहिल्या गटात गिअरबॉक्सच्या आतल्या फिरत्या भागांचा वेग मोजणाऱ्या एन २ आणि एन ३ या सेन्सरांच्या तक्रारी येतात. सर्वसामान्य यादीत त्या पी ०७१५ अशा क्रमांकाने दिसू शकतात. दुसऱ्या गटात गिअरचे प्रमाण जुळत नाही किंवा ट्रान्समिशन घसरते अशी नोंद असते, जिचे सर्वसामान्य रूप पी ०७३० आहे. तिसऱ्या गटात इतर युनिटांकडून येणाऱ्या निरोपांच्या तक्रारी असतात, आणि या गटाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

या तिसऱ्या गटाबद्दल थोडे थांबून सांगणे गरजेचे आहे. ७२२.६ मध्ये बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा स्वतंत्र सेन्सर नाही. तो वेग मागच्या चाकांच्या एबीएस सेन्सरांवरून काढला जातो आणि डेटा लाइनवरून ट्रान्समिशन युनिटकडे येतो. त्यामुळे मागच्या चाकाचा एबीएस सेन्सर चिखलाने माखला, त्याची वायर सस्पेन्शनजवळ घासून तुटत आली किंवा दातेरी चकतीला गंज चढला, तर गिअरबॉक्स पूर्ण निर्दोष असतानाही युनिटला वाटते की आत काहीतरी घसरत आहे. कोकणात किंवा समुद्राजवळ राहिलेल्या गाड्यांत हा गंज हमखास सापडतो. डॅशबोर्डवर एबीएस किंवा ईएसपीचा दिवा लागण्याची वेळ आणि गिअर अडकण्याची वेळ एकच असेल, तर गिअरबॉक्सकडे जाण्याआधी मागची दोन्ही चाके उतरवून पाहावीत. मागच्या धुरीवर वेगळ्या मापाचे टायर बसवले असतील तर तेही इथेच तपासावे.

सॉकेट आणि त्यातून वर चढणारे तेल

या गिअरबॉक्सचा सर्वांत प्रसिद्ध दोष म्हणजे त्याच्या उजव्या बाजूला बसवलेला, तेरा पिनांचा प्लास्टिकचा सॉकेट. बाहेरचे वायरिंग आणि आतली कंडक्टर प्लेट (सुरुवातीला सांगितलेली सेन्सरांची पट्टी) यांना तो जोडतो. त्याच्या दोन ओ-रिंगा वर्षानुवर्षे गरम तेलात राहून कडक होतात, चपट्या होतात, आणि मग तेल सॉकेटच्या आत पिनांपर्यंत येते. बाहेर थेंब दिसेलच असे नाही. पुष्कळदा खालून पाहिल्यावर गिअरबॉक्स कोरडाच दिसतो. पण तारांच्या धाग्यांमधून हे तेल, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावे तसे, हळूहळू वर चढते आणि वायरिंगच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कंट्रोल युनिटच्या पिनांपर्यंत पोहोचते.

तपासणी अवघड नाही. गाडी रॅम्पवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरू नये. उष्णता अडवणारा पत्रा काढावा, सॉकेटवरील फिरते कडे घड्याळाच्या उलट दिशेने वळवावे आणि वायरिंगचे टोक सरळ मागे ओढावे. आत पिनांच्या तळाशी लालसर किंवा तपकिरी तेलाचा पातळ थर चमकताना दिसला, किंवा कोरड्या कापडाचे टोक आत फिरवल्यावर त्यावर तेलाचा डाग आला, की निदान झाले. मग तिथेच न थांबता इंजिनखणातील कंट्रोल युनिटांची पेटी उघडावी आणि ट्रान्समिशनच्या युनिटचा कनेक्टर काढून त्याच्याही पिना पाहाव्यात. तिथे तेल असेल तर नुसता सॉकेट बदलून भागणार नाही.

दुरुस्ती झाल्यावरही हा दोष परत का येतो, याचे उत्तर नेमके इथे आहे. कारागीर सॉकेट बदलतो, पिना पुसतो, गाडी चालू लागते आणि सगळे खूश होतात. पण वायरिंगच्या तारांत शोषले गेलेले तेल तसेच राहते आणि पुढच्या काही आठवड्यांत ते पुन्हा कनेक्टरमध्ये झिरपते. म्हणून दोन्ही टोके कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावीत, वायरिंगचे वरचे टोक मोकळे सोडून तेल निथळू द्यावे, पुन्हा धुवावे, आणि काही दिवसांनी दोन्ही कनेक्टर उघडून परत पाहावेत. हा दुसरा फेरा कंटाळवाणा आहे, पण तो टाळला तर पहिला वाया जातो. तेल युनिटच्या आतल्या सर्किट बोर्डापर्यंत गेले असेल तर युनिट उघडून काळजीपूर्वक स्वच्छ करणारा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार गाठावा. जुने दुसऱ्या गाडीचे युनिट आणून थेट लावणे हा उपाय नव्हे, कारण त्याची जुळणी गाडीनुसार करून घ्यावी लागते.

सॉकेट बदलण्यासाठी चेंबर काढावे लागत नाही. सॉकेटच्या मध्यभागी ७ मिलिमीटर डोक्याचा एक लहान बोल्ट असतो. तो सोडला की सॉकेट बाहेर येतो आणि थोडे तेल सांडते. सुधारित ओ-रिंगांचा सॉकेट मिळतो, तोच घ्यावा. बसवताना ओ-रिंगांना स्वच्छ ट्रान्समिशन तेलाचे बोट लावावे, सॉकेट आडवा न दाबता सरळ आत जाऊ द्यावा आणि बोल्ट हलक्या हाताने आवळावा. जुन्याच सॉकेटला सिलिकॉन फासून तो परत बसवण्याचा प्रकार मी पाहिला आहे; गरम तेलापुढे तो टिकत नाही.

पावसाळ्याची एक वेगळी बाब आहे. बॉनेटखाली, काचेच्या तळाशी असलेल्या पाणी वाहून जाण्याच्या वाटा झाडांच्या पानांनी बुजतात आणि पाणी कंट्रोल युनिटांच्या पेटीकडे वळते. पेटीचे झाकण नीट बसलेले नसेल तर ओलावा आत शिरतो आणि पिनांवर हिरवट थर चढतो. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचा गिअर फक्त पावसाळ्यातच अडकत असेल तर गिअरबॉक्सखाली शिरण्याआधी या वाटा साफ कराव्यात आणि पेटी कोरडी करावी.

कंडक्टर प्लेट आणि तिचे दोन सेन्सर

सॉकेट कोरडा असेल आणि तरीही एन २ किंवा एन ३ ची तक्रार नोंदलेली असेल, तर संशय कंडक्टर प्लेटवर जातो. व्हॉल्व्ह बॉडीवर बसलेल्या या प्लास्टिकच्या पट्टीत सोलेनॉइडांकडे जाणारे वाहक, दोन वेगसेन्सर, तेलाच्या तापमानाचा सेन्सर आणि स्टार्टर फक्त ‘पी’ व ‘एन’ मध्येच चालू देणारा संपर्क, असे सगळे एकत्र असते. वेगसेन्सर वय झाले की गरम अवस्थेत दगा देऊ लागतात. सकाळी सगळे ठीक असते, तासाभराच्या प्रवासानंतर गाडी दुसऱ्यात अडकते, गार झाली की पुन्हा ठीक होते. असे चित्र असेल तर तेल गरम असतानाच तपासणी व्हायला हवी. सकाळी थंड गाडी गॅरेजमध्ये सोडून ‘काही दोष सापडला नाही’ हे उत्तर घेऊन परतण्यात अर्थ नाही.

चालत्या गाडीत स्कॅनरवर एन २ आणि एन ३ चे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. पहिल्या आणि पाचव्या गिअरमध्ये एन २ शून्यावर येतो, कारण त्या गिअरांत पुढच्या प्लॅनेटरी संचाचे (एकाभोवती एक फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या संचाचे) मधले चाक ब्रेकने धरून ठेवलेले असते. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या गिअरमधले शून्य पाहून चांगला सेन्सर बाद ठरवला जातो. खरा दोष असा दिसतो : तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये गाडी एकसारखी धावत असताना दोनपैकी एक आकडा क्षणभर कोसळतो, परत येतो, पुन्हा कोसळतो, आणि पाठोपाठ लिंप मोड लागतो. प्लेट मागवण्याआधी सॉकेटच्या वायरिंगकडून सेन्सरांना सुमारे ६ व्होल्टचा पुरवठा येतो की नाही, हेही मोजून घ्यावे; तो येत नसेल तर दोष युनिटमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे आणि नवी प्लेट टाकूनही काही बदलणार नाही.

प्लेट बदलायला मात्र चेंबर आणि व्हॉल्व्ह बॉडी खाली घ्यावी लागते. कामाची जागा धूळविरहित हवी आणि धागे सुटणारे कापड तिथे नको, कारण व्हॉल्व्ह बॉडीतील एखादा धागाही व्हॉल्व्ह अडकवू शकतो. सोलेनॉइड जुन्या प्लेटवरून काढताना त्यांची जागा लिहून ठेवावी आणि त्यांचे रोध मोजून घ्यावेत. गिअर बदलणारे तीन सोलेनॉइड सुमारे ४ ओहम, दाब नियंत्रित करणारे दोन सुमारे ५ ओहम आणि कन्व्हर्टरच्या लॉक-अपचा (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचा) सोलेनॉइड सुमारे अडीच ओहम दाखवतो. परत चढवताना लिव्हरशी जोडलेला व्हॉल्व्ह आपल्या खाचेत बसला आहे याची बोटाने खात्री करावी. तो सुटला तर लिव्हर हलतो पण गाडी हलत नाही, आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट ८ न्यूटन मीटर इतक्याच ताकदीने, सर्व बाजूंनी समान आवळावेत. अंदाजाने आवळून ॲल्युमिनिअमच्या आट्या मोडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

तेल : किती, कोणते आणि कोणत्या तापमानाला

अर्धवट दुरुस्त्यांपैकी मोठा वाटा तेलाच्या पातळीचा असतो. या गिअरबॉक्सला मालकाने रोज पाहावी अशी तेलकाठी दिलेलीच नाही. नळी असते, तिच्या तोंडावर टोपण आणि लॉकची पिन असते, आणि आत घालायची खूणकाठी वेगळी घ्यावी लागते. त्या काठीवर २५ अंश आणि ८० अंश सेल्सिअस यांच्या वेगवेगळ्या खुणा असतात, कारण तापल्यावर तेल बरेच फुगते. थंड तेल ८० अंशांच्या खुणेपर्यंत भरले तर गरम झाल्यावर ते जास्त होते, फिरत्या भागांनी घुसळले जाऊन त्याचा फेस होतो आणि फेसाळलेल्या तेलावर क्लच घट्ट धरला जात नाही. कमी भरले तर पंप वळणावर किंवा ब्रेक लावताना हवा ओढतो, आणि लिव्हर ‘डी’ मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते, मग झटका देऊन निघते. ही दोन्ही लक्षणे क्लच झिजल्यासारखीच दिसतात. म्हणून समपातळीवर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर ‘पी’ मध्ये असताना पातळी पाहिल्याशिवाय दुसरे कोणतेही निदान स्वीकारू नये.

तापमान वाचतानाही एक खोच आहे. या प्लेटमध्ये तापमानाचा सेन्सर आणि स्टार्टरचा संपर्क एकाच मालिकेत जोडलेले आहेत आणि ‘पी’ व ‘एन’ मध्ये तो संपर्क उघडा असतो. त्यामुळे त्या स्थितीत युनिटला तेलाचे तापमान कळतच नाही आणि ते इंजिनच्या कूलंटचे तापमान धरून चालते. स्कॅनरवर ‘पी’ मध्ये ८० अंश दिसले म्हणून तेलही ८० अंशांना आले असे समजू नये. ब्रेक घट्ट दाबून क्षणभर ‘डी’ किंवा ‘आर’ मध्ये टाकावे, खरा आकडा पाहावा, आणि मग ‘पी’ मध्ये परत येऊन काठी घालावी.

सुरुवातीच्या काळात हे तेल गाडीच्या आयुष्यभर बदलायचे नाही असे कंपनीचे धोरण होते. पुढे ६०,००० किलोमीटरला बदल सांगितला गेला. जुन्या धोरणावर विसंबून एकदाही तेल न बदललेल्या गाड्या अजून आढळतात. चेंबर उघडल्यावर तेल गडद तपकिरी असेल आणि तळाच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असेल तर ते वयानुसार आहे. लेपात हाताला टोचणारे धातूचे कण असतील किंवा तेलाला जळका वास असेल, तर मात्र पुढचा खर्च अटळ समजावा. फिल्टर आणि चेंबरचे गॅस्केट याच वेळी बदलावे. चेंबरमधून साधारण ४ लिटर निघते, पूर्ण भरणा इंजिननुसार साडेसात ते नऊ लिटरच्या दरम्यान असतो. कन्व्हर्टरला निचऱ्याचा बोल्ट असेल तर तोही मोकळा करावा. तेल मर्सिडीजच्या २३६.१४ या मानकाचे घ्यावे, ते या गिअरबॉक्सला चालते. २३६.१५ हे नंतरच्या ट्रान्समिशनसाठीचे निळे तेल आहे, ते यात ओतू नये. ‘कोणतेही लाल तेल चालते’ असे सांगणाऱ्याकडे तेल बदलू नये.

थरथर असेल तर रेडिएटरकडे पाहावे

ताशी ६० ते ९० च्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवत असेल, तर तो कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचा प्रश्न असतो. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये हा क्लच थोडी नियंत्रित घसर ठेवून चालतो, त्यामुळे इंजिन आणि टर्बाइन (कन्व्हर्टरचे गिअरबॉक्सकडचे चक्र) यांच्या फेऱ्यांत लहानसा फरक असणे स्वाभाविक आहे. तो फरक एकसारखा न राहता सतत वरखाली होऊ लागला की थरथर होते. बऱ्याच वेळा नुसते तेल बदलून ती थांबते. थांबली नाही, किंवा थांबून परत आली, तर तेलात कूलंट मिसळले आहे का ते तपासणे अत्यावश्यक आहे. ट्रान्समिशनचे तेल रेडिएटरच्या आतील नळीतून थंड होऊन येते. ती नळी आतून गळू लागली की कूलंटमधील ग्लायकॉल तेलात शिरते आणि क्लचच्या कागदी अस्तरांची पकड घालवते. प्रमाण थोडे असेल तर तेल दुधाळ दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा न ठेवता प्रयोगशाळेत तेल तपासून घ्यावे. ग्लायकॉल सापडले तर रेडिएटर सर्वांत आधी बदलावा, नंतर तेल एकापेक्षा अधिक वेळा पूर्ण बदलावे, आणि त्यानंतरही थरथर राहिली तरच कन्व्हर्टरला हात घालावा. उलट क्रमाने गेले तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो.

गिअरबॉक्स खरोखर उघडावा लागतो तेव्हा

वरचे सगळे निर्दोष ठरले, तेलाची पातळी गरम अवस्थेत बरोबर आहे, दोन्ही वेगसेन्सर आणि मागच्या चाकांचे सेन्सर स्थिर आकडे देत आहेत, आणि तरीही ठरावीक गिअर बदलताना फेऱ्या मोकळ्या सुटून वर जातात व घसरण्याची नोंद परत परत येते, तर झीज आत आहे. घसर फक्त एकाच बदलात असेल तर व्हॉल्व्ह बॉडी किंवा सोलेनॉइड अजूनही संशयित राहतात आणि त्यांची तपासणी गिअरबॉक्स न उतरवता होते. सर्वच गिअरांत घसर, चुंबकावर कण आणि जळका वास हे तिन्ही एकत्र असतील तर ओव्हरहॉलला पर्याय नाही. अशा वेळी गॅरेजशी बोलताना चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : कन्व्हर्टर नवा किंवा उघडून दुरुस्त केलेला असेल की तोच परत बसेल, तेल थंड करणारी नळी धुतली जाईल की नाही, सॉकेट आणि कंडक्टर प्लेट नवी पडेल की नाही, आणि काढलेले क्लच मालकाला दाखवले जातील की नाही. जुना कन्व्हर्टर कचऱ्यासह तसाच परत बसवलेला गिअरबॉक्स फार दिवस चालत नाही.

शेवटचे काम पुष्कळदा राहून जाते. कंट्रोल युनिट झिजलेल्या क्लचनुसार आपले दाब आणि वेळा शिकत आलेले असते. मोठी दुरुस्ती झाल्यावर ते जुने शिकलेले आकडे स्कॅनरने मूळपदावर आणावेत, आणि तेल तापल्यावर हलक्या ॲक्सिलरेटरने, सपाट मोकळ्या रस्त्यावर, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सर्व गिअर शांतपणे अनेक वेळा पडू द्यावेत. या काळात किंचित उशिरा किंवा किंचित जोरात पडणारा गिअर हा दोष समजून कोणी पुन्हा चेंबर उघडू नये. मात्र काही शेकडो किलोमीटरनंतरही तोच झटका त्याच गिअरवर कायम राहिला, तर गाडी परत नेऊन नोंदी वाचून घ्याव्यात, आणि त्या वेळीही तपासणी तेरा पिनांच्या सॉकेटपासूनच सुरू करावी.